डोस भट्टीवर, वजनकाटा वाडीत

साल १८६१, जानेवारीची थंडी. तुम्ही बोरघाटात उभे आहात आणि तुमच्या डोक्यावर मुरमाची पाटी आहे. खाली कर्जत-पळसदरीचा सपाट मुलूख, वर खंडाळा. मुंबईकडून खोपोलीपर्यंत गाडी येऊ लागून पाच वर्षं होत आली, पण तुम्ही गाडीने आलेले नाही. देशावरची सुगी उरकली, मुकादम गावात आला, नवरा-बायको दोघांनाही काम आहे म्हणाला, आणि तुम्ही लेकरं, भांडी, गोधड्या घेऊन चालत घाट उतरलात.

कड्यावरून माणसं दोरांनी खाली सोडली आहेत. दोराला लोंबकळत ती पहारीने कातळात भोक पाडतात, दारू ठासतात, वात पेटवतात आणि वर ओढून घ्या म्हणून ओरडतात. सुरुंग उडाला की तुमचं काम सुरू होतं. दगड बाजूला करायचा, मुरूम भरायचा, पाटी वाहायची. या महिन्यात घाटात तुमच्यासारखी ४२,००० माणसं आहेत. २५ बोगदे, ८ मोठे पूल, पायथ्यापासून माथ्यापर्यंत सुमारे १,८०० फुटांचा चढ. काम उघडीपीचे आठ महिने चालतं. पाऊस लागला की घाट रिकामा होतो आणि दसरा-दिवाळीनंतर पुन्हा भरतो.

संध्याकाळी तुम्ही फांद्या आणि गवताच्या खोपटात शिरता. खोपटाला खोपट लागलेलं. पाणी ओढ्याचं. त्याच ओढ्याच्या वरच्या अंगाला दुसरी वस्ती आहे, आणि हजारो माणसं सकाळी जिथे जाऊन बसतात ती जागाही त्याच उतारावर. मग एका घरात जुलाब-उलट्या सुरू होतात. दुपारपर्यंत माणसाचे डोळे खोल जातात, हातापायांत गोळे येतात, संध्याकाळी तो नसतो. पटकी. तुमच्या वस्तीत बायका मरीआईला नारळ, कोंबडं कबूल करतात. त्यांना हसू नका. त्या काळात थोरामोठ्या डॉक्टरांनाही याहून फारसं कळलेलं नाही. लंडनमध्ये जॉन स्नोने १८५४ मध्ये एका पंपाच्या पाण्याकडे बोट दाखवलं, तरी बहुतेक वैद्यकविश्व अजून कुजक्या हवेलाच दोष देतं आहे. रॉबर्ट कॉख कलकत्त्याला येऊन पटकीचा जंतू पकडेल त्याला अजून वीसेक वर्षं आहेत.

शेजारचं खोपट रातोरात रिकामं होतं. माणसं पळतात, आणि पळताना रोग सोबत नेतात. ठेकेदाराच्या लेखी ही मजुरांची टंचाई असते. दोन वर्षांपूर्वी, १८५९ च्या सुरुवातीला, मजुरी थकली म्हणून याच घाटात दंगा झाला होता. त्यानंतर फॅव्हिएल हा पहिला ठेकेदार बाजूला झाला, त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि उतरल्यापासून महिनाभरातच आजारी पडून वारला. त्याची बायको ॲलिस हिने ठेका हातात घेतला आणि काम पुरं करून घेतलं. मुख्य अभियंता जेम्स बर्कले आजारी होऊन मायदेशी परतला आणि १८६२ मध्ये, घाटातून गाडी जाण्याआधी, गेला. आजाराने साहेब-मजूर असा भेद केला नाही. भेद केला तो कागदाने. बर्कलेच्या लेखनात बोगद्यांची लांबी यार्डा-यार्डाने मोजलेली आहे. पाटी वाहणाऱ्यांची नावं त्यात नाहीत.

एप्रिल १८६३ मध्ये गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटमार्ग खुला होतो. तुम्ही तिथे नसता.

आता चौतीस वर्षं पुढे या. १८९७. याच रुळांवरून तिसऱ्या वर्गाच्या डब्यात बसून तुम्ही मुंबईतून पळता आहात. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि काही महिन्यांत निम्मी मुंबई ओस पडली. फेब्रुवारीत सरकारने साथरोगांचा कायदा केला. कल्याणला गाडी थांबवतात. तुम्हाला फलाटावर रांगेत उभं करतात. काखेत, जांघेत गाठ आहे का ते चाचपतात. बायकांनाही. वरच्या वर्गातल्या उतारूला जी अदब मिळते ती तुम्हाला मिळत नाही. अंग तापलं असेल तर छावणीत, बोचकं धुरात किंवा आगीत. गाठ नसेल तर चालते व्हा. पुढे कर्जतला उतरून तुम्ही कुठे राहाल, काय खाल, पोटुशी बाई कुठे बाळंत होईल, हे त्या फलाटावर कोणी विचारत नाही. विचारायचं कारणच नसतं. सरकारला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी आहे, तुमचा रोग दुसऱ्याला लागू नये.

हा धागा हातात धरा. पुढची सगळी वाट याच धाग्याने चालायची आहे.

घाट बांधायला बाहेरून माणसं आली. पुढच्या शतकात उलटं झालं, इथलीच माणसं बाहेर जाऊ लागली. कर्जत आणि खालापूरच्या डोंगरकडेला ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून कातकरी. जंगल सरकारी झालं तसा कात गेला, मग लाकूड, कोळसा, मासे, दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी, आणि शेवटी वीटभट्टी. पुष्कळ वाड्या उभ्या आहेत ती जमीनच दुसऱ्याच्या नावावर. केंद्र सरकारने देशातल्या पंचाहत्तर जमाती अतिअसुरक्षित मानल्या आहेत, त्यांतल्या महाराष्ट्रात तीन: माडिया गोंड, कोलाम आणि कातकरी. पहिल्या दोन दूर विदर्भात. कातकरी मात्र मुंबईच्या लोकलच्या पट्ट्यात राहतात, फार्महाऊसच्या कुंपणाला लागून.

भाद्रपद आहे. तुम्ही कशेळ्याजवळच्या एका वाडीत, गळक्या कुडाच्या घरात बसला आहात. भात अजून पोटरीत आहे, गेल्या वर्षीचा दाणा आषाढातच संपला. डोंगरातल्या रानभाज्या आणि ओहोळातले खेकडे-मासे यांच्यावर दिवस निघताहेत. धाकटं पोर खोकतं आहे. गणपतीला वीटभट्टीच्या शेठचा माणूस मोटरसायकलवरून येतो आणि उचल देतो. त्या पैशातून तुम्ही तांदूळ आणता, पोराला खासगी डॉक्टरकडे नेऊन सुई टोचून आणता. उचल घेतली त्या क्षणी तुमचे पुढचे सात-आठ महिने विकले गेले. म्हणून मला वाटतं की कर्जतमधल्या आरोग्याच्या धोरणाची पहिली ओळ दवाखान्यात लिहिली जात नाही, ती या भाद्रपदातल्या रिकाम्या कणगीत लिहिली जाते. कशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने हे फार आधी ओळखलं आणि वाड्यांमध्ये धान्य बँका उभ्या केल्या. पावसाळ्यात धान्य उचलायचं, भात झोडलं की थोडी भर घालून परत करायचं. त्यात औषधाची एक गोळी नव्हती, पण सावकाराची आणि शेठची उचल जितकी टळली तितकं एखादं कुटुंब वाडीत टिकलं. आणि वाडीत टिकलेल्या कुटुंबाचं मूल अंगणवाडीच्या वजनकाट्यावर टिकलं.

कारण तो वजनकाटा वाडीतच असतो.

२००९. पौष-माघाचे दिवस. तुम्ही भट्टीवर आहात, बदलापूर म्हणा, पनवेल म्हणा, भिवंडी म्हणा, सगळीकडे दृश्य तेच. मातीत तूस आणि राख मिसळून रात्री चिखल भिजत घातलेला. पहाटे उठून, अंधारातच, नवरा चिखल तुडवतो आणि तुम्ही साच्यात भरून विटा थापता. मजुरी हजारावर. आठवड्याच्या बाजाराला खर्ची मिळते, तांदूळ, मिरची, तेल, सुकट येईल एवढी. बाकीचा हिशोब हंगाम संपताना, उचल वळती करून. राहायला कच्च्या विटा रचून केलेलं खोपटं, वर पेंढा नाहीतर ताडपत्री. संडास नाही. पाणी टँकरचं किंवा खड्ड्यातलं. भट्टी पेटली की धूर वाऱ्याप्रमाणे फिरतो आणि खोपट्यात शिरतो. तुम्हाला आठवा महिना आहे. उकिडवं बसून थापणं थांबवता येत नाही, कारण थापी थांबली की खर्ची कमी होते.

दीड वर्षाचं पोर वाळलेल्या विटांच्या सावलीत मोठ्या बहिणीजवळ बसलं आहे. सहा वर्षांची बहीण त्याला सांभाळते, म्हणजे तीही शाळेत नाही. पोराचं पोट पुढे आलंय, केस तांबूस, दंड तुमच्या अंगठ्याएवढा. वाडीत असतं तर अंगणवाडी सेविकेने त्याच्या दंडाला पट्टी लावली असती. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत घेर आला की पट्टी लाल दाखवते, ते मूल सॅम, तीव्र कुपोषित. मग ग्राम बाल विकास केंद्रात दिवसातून अनेक वेळा थोडं थोडं खाऊ घालायचं, वजन वाढतंय का बघायचं, नाही वाढलं तर कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यायचं. हे उपचार कित्येक आठवडे चालतात. मधेच कुटुंब भट्टीला निघालं तर पोर तिथूनच सुटतं. भट्टीजवळच्या गावातही अंगणवाडी आहेच. पण तिच्या वहीत तुमचं पोर नाही, आणि तिथे जायला तुमच्याकडे अर्धा दिवस नाही.

त्याच रविवारी भट्टीवर एक जीप येते. दोन बाया आणि एक पुरुष उतरतात, हातात शीतपेटी. पोलिओचा डोस. तुमच्या पोराच्या तोंडात दोन थेंब पडतात, डाव्या करंगळीला शाई लागते. त्यांच्याकडे यादी आहे. या भागात किती वीटभट्ट्या, किती बांधकामं, किती पालं, प्रत्येक ठिकाणी पाच वर्षांखालची किती पोरं, सगळं कागदावर. ज्या घरी पोर सापडलं नाही तिथे पुन्हा जायचं. कोणी तुमचं रेशन कार्ड मागत नाही, गाव विचारत नाही, आधी कुठे नाव आहे ते विचारत नाही. पोर दिसलं, डोस दिला.

या कामाबद्दल माझ्या मनात निखळ आदर आहे. जानेवारी २०११ मध्ये देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, तो अशा जीपमधून उतरलेल्या बायांच्या पायांवर. पण त्या जीपच्या मागे उभं राहून पाहिलं की काळजात कालवाकालव होते. शाई लावणाऱ्या बाईने त्या पोराचा हात धरला होता. तोच दंड. तिच्याकडे मोजपट्टी नव्हती. पोलिओ एका पोराचा दुसऱ्याला लागतो, म्हणून सरकार भट्टीवर आलं. भूक दुसऱ्याला लागत नाही. तुमच्या रक्तातलं कमी हिमोग्लोबिन शेठच्या घरी जात नाही. १८९७ च्या फलाटापासून ही एक गोष्ट बदललेली नाही: स्थलांतरित माणूस व्यवस्थेला दिसतो तो रोग वाहून नेणारा म्हणून. स्वतः आजारी पडणारा म्हणून तो फार क्वचित दिसतो. पुढे मिशन इंद्रधनुष आलं, त्यात बाकीच्या लशींसाठीही भट्ट्यांची नावं यादीत आली. त्याने एक पाऊल पुढे पडलं, पण तीही लसच.

कायद्याकडे बघावं तर तिथेही तुम्ही नाही. १९७९ मध्ये स्थलांतरित मजुरांचा कायदा झाला. ठेकेदाराने मजुराला राहायला जागा आणि मोफत वैद्यकीय सोय द्यावी असं त्यात लिहिलेलं होतं. पण तो आंतरराज्य मजुरांचा कायदा. राज्याची हद्द ओलांडली तरच तुम्ही स्थलांतरित. खालापूरच्या वाडीतून भिवंडीच्या भट्टीवर जाणारी कातकरी बाई जिल्हा ओलांडते, नदी ओलांडते, घरदार मागे टाकते, पण राज्य ओलांडत नाही. २०२० च्या नव्या कामगार संहितेतही आंतरराज्य हीच कसोटी राहिली. खोपोलीच्या कारखान्यात आलेला परराज्यातला कामगार निदान कागदावर आहे. इथली मूळची माणसं त्या कागदावरही नाहीत.

मार्च २०२०. तुम्ही अजून भट्टीवरच आहात, कारण हंगाम ऐन भरात आहे. महाराष्ट्राने साथरोग कायदा लागू केला आहे, तोच, १८९७ चा. २४ तारखेला रात्री सगळं बंद झालं. खोपोलीवरून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने माणसं चालताहेत, डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं, पोलीस दिसला की शेतात उतरताहेत. तुमच्या भट्टीवर विटा उचलायला ट्रक येत नाहीत, म्हणून शेठ खर्ची देत नाही. दिल्लीहून घोषणा होते, माणशी पाच किलो धान्य फुकट. ते रेशन कार्डावर. कार्ड वाडीत, पत्र्याच्या पेटीत. कार्ड सोबत असलं तरी विटा थापून घासलेले अंगठे रेशन दुकानातल्या यंत्राला पुष्कळदा ओळखू येत नाहीत. कार्ड नसलेल्या स्थलांतरितांसाठी धान्याची योजना मे महिन्याच्या मध्याला जाहीर झाली. तोवर माणसं कोणाच्या दयेवर जगली आणि कोण उपाशी निजलं, हे तुम्हाला सांगायला नको, तुम्ही तिथेच आहात. त्या सप्टेंबरात राज्याने आदिवासी कुटुंबांना चार हजारांची खावटी मंजूर केली, अर्धी रोख, अर्धी वस्तूंत. उचलीची रक्कम त्याच्या कितीतरी पट असते.

१९ जुलै २०२३ च्या रात्री थोडं थांबावं लागतं. खालापूर तालुक्यात, चौकच्या वर, इर्शाळगडाच्या कुशीत ठाकरांची इर्शाळवाडी झोपेत दरडीखाली गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ जणांचा शोध थांबवावा लागला. त्या रात्री जवान, डॉक्टर, मंत्री सगळे चिखलातून, पावसातून ती पायवाट चढले, कारण दुसरा रस्ताच नव्हता. तीच पायवाट गरोदर बाई झोळीतून उतरत होती. आपत्तीत व्यवस्था चढून वर जाऊ शकते, हे त्या रात्री सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं.

आता आज. या खेपेला तुम्ही भट्टीवरची बाई नाही, कर्जत तालुक्यातल्या एका वाडीवरच्या अंगणवाडी सेविका आहात. हातात मोबाईल, त्यात पोषण ट्रॅकर. राज्याने २०२२ मध्ये स्थलांतरितांचा माग ठेवणारी वेगळी यंत्रणाही आणली आहे: बाई, मूल निघालं की नोंद करायची, ते जिथे पोचेल तिथल्या सेविकेला ती दिसायला हवी. नोव्हेंबर २०२३ पासून अतिअसुरक्षित जमातींसाठी जनमन योजना आहे, तिच्यात घरं आहेत, रस्ते आहेत, फिरते दवाखाने आहेत. पेणच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयापासून खालपर्यंत बैठका होतात. तुम्ही या सगळ्याला नावं ठेवत नाही. इतकी वर्षं काहीच नव्हतं हे तुम्ही पाहिलेलं आहे.

पण फिरता दवाखाना वाडीत येतो तेव्हा दारांना दोऱ्या बांधलेल्या असतात आणि ओट्यावर दोन म्हाताऱ्या बसलेल्या असतात. तुम्ही मोबाईलमध्ये नोंद करायला बसता. ‘कुठे गेले?’ म्हातारी हात लांब करून दाखवते. ‘तिकडं, भट्टीव.’ कोणती भट्टी? ‘शेटची.’ कुठल्या गावची? तिला माहीत नाही. जाणाऱ्यांनाही ट्रकमध्ये बसेपर्यंत माहीत नसतं. यंत्रणेत गावाचं नाव घातल्याशिवाय नोंद पुढे सरकत नाही, आणि तुमच्या यादीतलं लाल पट्टीचं मूल कुठल्याच सेविकेच्या वहीत न पोचता हवेत राहतं. एखादी आई हुशारीने तुमचा नंबर पाठ करून जाते आणि पोर तापलं की शेजाऱ्याच्या फोनवरून तुम्हालाच विचारते. तुम्ही इथून तिला सांगता, जवळच्या आरोग्य केंद्रात जा, माझं नाव सांग. तुमचं नाव तिथे कोणाला माहीत आहे?

भट्टीचा पत्ता शोधणं मात्र सरकारला अशक्य नाही, आणि ही गोष्ट मला सगळ्यांत टोचते. विटांची माती हे गौण खनिज आहे. भट्टीवाल्याला माती काढायला महसूल खात्याची परवानगी लागते, स्वामित्वधन भरावं लागतं. किती ब्रास माती, कोणत्या गट नंबरातून, कोणाच्या नावाने, हे तहसील कचेरीत लिहिलेलं असतं. मातीचा हिशोब ब्रासात आहे. त्या मातीवर उकिडवं बसणाऱ्या बाईचा कितवा महिना आहे, याचा हिशोब त्या कचेरीत नाही, आणि समोरच्या पंचायत समितीच्या इमारतीतल्या बालविकास प्रकल्प कार्यालयाला त्या यादीची प्रत जात नाही.

मागणी मोठी नाही. परवानगीच्या अर्जात आणखी चार रकाने हवेत. किती कुटुंबं आणणार, कोणत्या वाडीतून, सहा वर्षांखालची मुलं किती, गरोदर आणि स्तनदा बाया किती. ते भरल्याशिवाय परवानगी नाही, आणि हंगाम सुरू झाल्यावर पंधरा दिवसांत ते तपासून बघायचे. ती यादी भट्टीच्या हद्दीतल्या आरोग्य केंद्राकडे आणि मूळ वाडीच्या सेविकेकडे, दोन्हीकडे. पोलिओच्या जीपने जी वाट पाडली त्याच वाटेने महिन्यातून एकदा वजनकाटा, दंडाची पट्टी, लोहाच्या गोळ्या आणि शिजवलेलं अन्न भट्टीवर न्यायचं. बाळंतपणासाठी गाडी कोणी बोलवायची आणि त्या दिवसांची खर्ची कोणी द्यायची, हे शेठकडून लिहून घ्यायचं. आणि ही यादी दिवाळीनंतर मागून उपयोग नाही. उचल गणपतीतच वाटून झालेली असते, कोणतं कुटुंब कुठे जाणार हे मुकादमाच्या वहीत भाद्रपदातच ठरलेलं असतं, तेव्हा सरकारची वहीही भाद्रपदातच उघडायला हवी.